बिलावरचा अंगठा

मुंबईच्या पश्चिम उपनगरात दोन माणसं लिफ्टमध्ये भेटली की पावसाचं, पाण्याचं आणि रिडेव्हलपमेंटचं बोलून होतं. लिफ्ट त्यानंतरही पोचली नसेल तर चौथा प्रश्न येतो, "तुम्ही वीज कोणाची घेता?" हाच प्रश्न साताऱ्यात विचारून बघा. समोरच्याला वाटेल, हा आपल्यावर आकडा टाकल्याचा आळ घेतोय.

उरलेल्या महाराष्ट्रात वीज बहुतेक सगळीकडे महावितरणची. ती येते, जाते, डीपी जळाली की दोन दिवस रुसते आणि वायरमन खांबावर चढला की परत येते. तिथल्या माणसाला विजेबद्दल तक्रार असते, मत नसतं. मत असायला निवड असावी लागते, आणि ती अवघ्या राज्यात आम्हा उपनगरवाल्यांच्या वाट्याला आली आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत बेस्ट. भांडुप-मुलुंडला महावितरण. आणि वांद्र्यापासून दहिसरच्याही पलीकडे मिरा-भाईंदरपर्यंत, तसंच तिकडे चेंबूरच्या बाजूला, कंपन्या दोन, अदानी आणि टाटा. मुलुंडला राहणारे माझे मेहुणे या बाबतीत आमच्याकडे जरा असूयेनं बघायचे. मग 2022 साली अदानींनी मुलुंड-भांडुप, ठाणे, नवी मुंबई या भागांत समांतर परवान्यासाठी अर्ज केला. जानेवारी 2023 मध्ये वीज कर्मचारी त्याविरुद्ध तीन दिवसांच्या संपावर गेले, सरकारशी बोलणी झाली आणि पहिल्याच दिवशी संप मागे घेतला. मेहुण्यांच्या घरी तेवढ्यात मेणबत्त्यांचा डबा येऊन पडला होता. "निवड नको, पण मेणबत्त्या आवर," असं त्यांच्या घरातून त्यांना ऐकवलं गेलं.

आमची निवड काही कोणी प्रेमानं आणून दिलेली नाही. ती कोर्टातून आली. टाटांनी खोपोलीला पाण्यावर वीज करायला सुरुवात केली ती 1915 साली, आणि पुढची कित्येक दशकं ती वीज गिरण्यांना, रेल्वेला आणि इतर वीज कंपन्यांना ठोकभावानं विकली. उपनगरात घरोघरी वीज देणारी कंपनी 1929 ची. तिचं नाव बीएसईएस, मग ती रिलायन्सकडे गेली, मग 2018 मध्ये अदानींकडे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या आजींच्या लेखी यातलं काहीच घडलेलं नाही. त्या आजही नातवाला "बीएसईएसचं बिल भरलंस का रे?" असंच विचारतात आणि तो फोनवर अदानींचं बिल भरून "हो" म्हणतो.

तर, टाटांना घरगुती ग्राहकाला किरकोळीत वीज विकता येते की नाही यावर दोन बड्या घरांचं भांडण जुंपलं. 2008 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, येते. आता प्रश्न वायरीचा. उपनगरात गल्लीबोळांतून वायर रिलायन्सची, आणि पुन्हा सगळे रस्ते खणायचे म्हणजे महापालिका तर ते आधीच करत होती. 2009 मध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगानं तोडगा काढला. वायर त्यांचीच राहू द्या, वीज यांची घ्या, आणि वायर वापरल्याबद्दल भाडं द्या. याला चेंजओव्हर म्हणतात. नव्या कंपनीनं स्वतःची वायर टाकून तुम्हाला त्यावर घेतलं तर ते स्विचओव्हर. सोसायटीच्या सभेत या दोन शब्दांचा फरक समजावून सांगण्यात एक आख्खी सभा गेली आहे, आणि तिच्या इतिवृत्तात "विषयावर सविस्तर चर्चा झाली" एवढंच नोंदलेलं आहे.

चेंजओव्हर केलं की घरात नेमकं काय बदलतं? दिवा तोच, पंख्याचा खडखडाट तोच, जिन्याखालून येणारी वायर तीच. दोन पाणक्यांनी एकाच विहिरीतून पाणी शेंदून एकाच पन्हाळीत ओतावं आणि आपण खाली घागर लावून "हे पाणी अमक्याचं" म्हणावं, तसला प्रकार. जाळ्यात सगळी वीज एकत्र होते. तुमच्या मिक्सरला कोणाची मिळाली हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. हिशेब तेवढा कागदावर वेगळा. पण हे सांगून कोणाला पटत नाही. कंपनी बदलल्यावर गिझर लवकर तापतो, असं सांगणारे तीन जण आमच्याच विंगमध्ये आहेत. एका काकूंच्या मते आधीच्या कंपनीच्या विजेवर इडलीचं पीठ चांगलं वाटलं जायचं. त्यांच्या ग्राइंडरचा पट्टा सैल झालाय हे त्यांचा मुलगा कधीपासून सांगतोय, पण मुलाचं कोण ऐकतं.

दोन कंपन्या झाल्या की दोन पक्ष होणारच. आमच्या सोसायटीत ते झाले. सेक्रेटरी एका बाजूचे, खजिनदार दुसऱ्या बाजूचे, आणि दोघंही आपापलं बिल पुरावा म्हणून खिशात बाळगायचे. इथं लक्षात घ्या, दोन घरांची बिलं एकमेकांशेजारी ठेवून काहीही सिद्ध होत नाही. एका बिलात 28 दिवस असतात, दुसऱ्यात 33. एकाकडे मुलगी बाळंतपणाला आलेली असते, दुसऱ्याचं घरदार गावी गेलेलं असतं. पण बिलं शेजारी ठेवली की वीज बाजूला राहते आणि घरातली प्रकरणं बाहेर येतात. खजिनदारांचं बिल एवढं का येतं याची चौकशी करता करता, त्यांचे चिरंजीव रात्रभर एसी 18 वर लावून वर रजई घेतात ही माहिती सगळ्या विंगला झाली.

या धुमश्चक्रीत दारावर एजंट आला.

कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. एक तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचाही आला, आणि तंत्र दोघांचं इतकं सारखं होतं की दोघं एकाच वर्गात शिकले असावेत. गळ्यात ओळखपत्र, आणि ते कायम उलटं वळलेलं. हातात टॅब, पण तो उघडत नाही. उघडतो तो खिशातला कागद. पहिलं वाक्य कधीच विक्रीचं नसतं. "काका, विजेच्या बिलाचं व्हेरिफिकेशन चालू आहे, लास्ट बिल दाखवता का?" व्हेरिफिकेशन हा शब्द ऐकला की आपली पिढी निमूट उभी राहते. रेशनकार्ड, मतदारयादी, आधार, केवायसी, सगळ्यातून गेलेली पिढी ती. मी बिल आणून दिलं.

आणि त्यानं बिलावर अंगठा ठेवला.

हा अंगठा नीट बघण्यासारखा असतो. विजेच्या बिलात रकमा एकाखाली एक येतात. वीज वापरा न वापरा, लागणारच तो स्थिर आकार. वापरलेल्या युनिटांचा तो वीज आकार. वायरीचं भाडं म्हणजे वहन आकार. कोळसा-गॅस महाग झाला की मागाहून येतो तो इंधन समायोजन आकार. आणि या सगळ्याच्या डोक्यावर राज्य सरकारचं वीज शुल्क, घरगुती ग्राहकाला 16 टक्के. एजंट यातली एकच ओळ बोटानं दाखवतो, नेहमी वीज आकाराची, आणि त्याच वेळी त्याचा अंगठा खालच्या ओळींवर असा काही सहज विसावतो की आपल्याला वाटावं, बिचाऱ्याला कागद धरायला दुसरी जागाच नाही.

"बघा काका. तुमचा दर एवढा. आमचा एवढा. फरक बघा."

फरक खरंच होता. खोटं तो काहीच बोलत नव्हता. मी म्हटलं, "अंगठा काढ."

"अं?"

"अंगठा काढ, बाळा. त्याच्याखाली काय आहे?"

अंगठ्याखाली वहन आकार होता. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचा मुलगा आला तेव्हा त्यानं वहन आकार दाखवला आणि अंगठा वीज आकारावर ठेवला. तेव्हापासून माझा असा अभ्यास आहे की विक्रेता काय दाखवतो ते बघण्यात वेळ घालवू नये, त्याचा अंगठा कुठे आहे तेवढं बघावं. घराच्या जाहिरातीत तो कार्पेट एरियावर असतो, विम्यात अपवादांच्या कलमावर, मोबाइलच्या प्लॅनमध्ये 'दिवस 28' वर.

माझ्यासमोर उभ्या असलेल्या अंगठ्याखाली आणखीही बरंच काही दडलेलं असायचं. चेंजओव्हरवाल्यांना पुढच्या काळात क्रॉस सबसिडी अधिभार लागला. मोठे ग्राहक जादा दर देतात म्हणून लहानांना वीज परवडते. मोठे निघून गेले तर लहानांचं कोणी बघायचं, म्हणून जाताना त्यांनी काही ठेवून जावं, अशी त्यामागची कल्पना. मग जुन्या वर्षांची राहिलेली वसुलीही आली. म्हणजे तुम्ही कंपनी सोडून गेलात तरी कंपनीनं तुम्हाला सोडलेलं नसतं. मोठे ग्राहक तेवढे वेचून नेले जातात अशी तक्रार इतकी वाढली की 2012 मध्ये आयोगानं काही काळ 300 युनिटांच्या आतल्या घरगुती ग्राहकांपुरतंच चेंजओव्हर ठेवलं. ज्यांना बदलण्यात खरा फायदा त्यांनाच दार बंद! त्या दिवशी आमचे खजिनदार हातातला अर्ज घेऊन बाल्कनीत बराच वेळ उभे होते. चिरंजीवांचा एसी आत चालू होता.

"काका, आज साइन केलंत तर स्पेशल रेट लावून देतो," अंगठा काढल्यावर मुलानं पुढचं अस्त्र काढलं.

आता इथं मात्र मला त्याचं कौतुक वाटलं. विजेचे दर ठरवतो आयोग. त्यासाठी कंपनीला अर्ज करावा लागतो, जाहीर सुनावणी होते, ग्राहकांचे प्रतिनिधी हरकती घेतात, शेकडो पानांचा आदेश निघतो, आणि त्यात टप्प्याटप्प्याचा दर पैशापर्यंत लिहिलेला असतो. हे सगळं आमच्या दारात, चपलांच्या स्टँडपाशी उभ्या असलेल्या पोरानं एका सहीवर बदलायचं ठरवलं होतं. मी त्याला विचारलं, "आयोगाला कळवलंयस का?" तो म्हणाला, "ते बॅक ऑफिस बघतं, काका."

तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँक मॅनेजर आहेत. बँकेत असताना लोकांच्या ताळेबंदातल्या खाचाखोचा काढण्यात हयात गेली, निवृत्तीनंतर हात शिवशिवत होते. त्यांनी दोन्ही कंपन्यांचे दर, सगळे टप्पे, सगळे आकार आणि आपली गेल्या काही वर्षांची बिलं एक्सेलमध्ये घातली. दिवाळीत सुरू केलेलं काम होळीला संपलं. निष्कर्ष असा निघाला की 100 युनिटांच्या आतल्या घराला एक कंपनी स्वस्त, 500 च्या वरच्याला दुसरी, आणि त्यांच्या स्वतःच्या घराला दोन्हींतला फरक महिन्याला एका वडापावात बसेल, तोही चटणीशिवाय. ते खूप हिरमुसले. त्यातच 1 एप्रिल आला, नवे दर लागू झाले, आणि शीटमधला एकही आकडा खरा राहिला नाही. हेही होत आलेलं आहे. एकेकाळी ज्या कंपनीकडे रांग लागली होती तिथून लोक पुढे उलटे परतलेही. साहेब आता शीट दर एप्रिलला नव्यानं भरतात. त्यांच्या पत्नी म्हणतात, त्या कॉम्प्युटरला रोज जेवढी वीज लागते ती तेवढी धरा आणि मग सांगा काय वाचलं.

टप्प्यांबद्दल तर एक लोककथाच तयार झाली आहे. 300 युनिटं ओलांडली की सगळी युनिटं महाग दरानं लागतात, अशी ती कथा. तसं नसतं. पहिली 100 पहिल्या दरानं, पुढची 300 पर्यंत दुसऱ्या, आणि फक्त वरची वरच्या. स्थिर आकार टप्प्याप्रमाणे थोडा हलू शकतो, तेवढंच. पण आमच्या शेजारच्या घरी महिन्याच्या शेवटी मीटर 297 वर आला की आणीबाणी जाहीर होते. टीव्ही बंद. इस्त्री बंद. फ्रिजचं दार उघडायचं असेल तर आधी सांगायचं. त्या तीन-चार दिवसांत त्यांच्याकडे पाहुणा गेला तर त्याला चहा कोमट मिळतो, का ते मला अजून कळलेलं नाही, कारण चहा तर गॅसवर करतात.

या बाबतीत पाश्चात्त्य देश पुढे गेले असतील असं आपल्याला वाटतं. गेलेच आहेत. ब्रिटनमध्ये घरगुती ग्राहकाला गॅस आणि वीज, दोन्हींची कंपनी निवडता येते, आणि तेही नव्वदच्या दशकापासून. तुलना करून देणाऱ्या वेबसाइटी आहेत, त्यांच्या टीव्हीवर जाहिराती आहेत. माझा भाचा रेडिंगला असतो. त्यानं दर वर्षी सगळ्यांत स्वस्त कंपनी शोधून बदलायची असा नेम धरला होता आणि फोनवर मला आमच्या दोनच कंपन्यांवरून हिणवायचा. मग 2021 च्या हिवाळ्याच्या तोंडावर गॅस कडाडला आणि स्वस्तात वीज विकणाऱ्या कंपन्या पटापट बुडाल्या. पंचविसाहून जास्त. भाच्याचीही गेली. नियामकानं त्याला परस्पर दुसऱ्या कंपनीकडे सोपवून दिलं. ही तीच कंपनी होती जी त्यानं महाग म्हणून चार वर्षांपूर्वी सोडली होती. "मामा, इकडे कंपनीनंच मला बदललं," असा त्याचा मेसेज आला.

आणि अंगठा तिथंही आहेच. ऑफजेम या तिथल्या नियामकानं 2013 साली एसएसई या मोठ्या कंपनीला दारावर, फोनवर आणि दुकानांतून वीज-गॅस विकताना ग्राहकांची दिशाभूल केल्याबद्दल 1 कोटी 5 लाख पौंड दंड केला. बदललात तर अमुक इतके वाचतील, असं सांगितलं जायचं आणि ते वाचायचे नाहीत. हे वाचून मला उगाचच बरं वाटलं. साहेबाच्या देशातही पोरगं दारात उभं राहतं, बिल मागतं आणि नको तिथं कागद धरतं.

कंपन्या तरी बऱ्या, त्यांच्या डोक्यावर आयोग आहे. विजेच्या नावावर इतर जे दारात येतात त्यांच्या डोक्यावर कोणीच नाही. त्यात माझा आवडता म्हणजे वीज बचत यंत्र विकणारा. प्लास्टिकची डबी, सॉकेटमध्ये खुपसायची, समोर हिरवा दिवा. बिल 40 टक्के कमी. आत असतो एक कपॅसिटर. कारखान्यात कपॅसिटरला अर्थ असतो, कारण तिथं पॉवर फॅक्टरचा हिशेब बिलात येतो. घरगुती बिल निव्वळ वापरलेल्या युनिटांचं असतं, त्याला या डबीचं सुखदुःख नाही. हिरवा दिवा मात्र रात्रंदिवस थोडी थोडी वीज खातो, म्हणजे यंत्र अगदीच काही करत नाही असं म्हणता येणार नाही. आमच्या काकूंनी घेतलंय. त्यांच्या मते बिल कमी झालं. ते झालं जूननंतर, पावसाळ्यात, पण त्यांना जून दिसत नाही, दिवा दिसतो.

दुसरा मेसेजवाला. "प्रिय ग्राहक, तुमचं मागचं बिल अपडेट झालेलं नाही. आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, त्वरित संपर्क साधा." वीज तोडायला रात्री साडेनऊ वाजता माणूस पाठवणारी वीज कंपनी मला कोणी दाखवावी, दिवसाढवळ्या गेलेली जोडायलाही कोणी यायचा नाही. हे निखळ चोर. दिलेल्या नंबरावर फोन केला की फोनमध्ये काहीतरी उतरवून घ्यायला लावतात आणि बँकेचं खातं रिकामं करतात.

आणि तिसरा, सध्याचा राजा, सोलरवाला. याच्याकडे सांगण्यासारखं खरोखर काही आहे, म्हणून तो जास्त अवघड. पीएम सूर्यघर योजनेत घरगुती छतावर 3 किलोवॅटला 78 हजार रुपये अनुदान आहे, ते खरं. एका किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिटं मिळतात, तेही बऱ्यापैकी खरं. "बिल झीरो" हे अंगठ्यासकट. स्थिर आकार काही झीरो होत नाही, आणि जुलैत कोकणातून येणारे ढग अनुदान बघून थांबत नाहीत. आमच्याकडे तो आला तेव्हा त्यानं गच्चीचं क्षेत्रफळ, पॅनेलचा कोन, परतफेडीची वर्षं, सगळं सांगितलं. सभेनं शांतपणे ऐकलं. मग सर्वांत वरच्या मजल्यावरच्यांनी विचारलं, "पण गच्ची कोणाची?" त्यावर पुढे जे झालं त्यात सोलरवाला दीड तास होता. त्याचा चहा दोनदा गार झाला. शेवटी त्यानं आपली बॅग उचलली ते कोणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तोवर 1994 सालचं पाण्याच्या टाकीचं प्रकरण निघालं होतं.

दारावरचा तो पहिला एजंट मात्र अजून येतो. आता आमची ओळख झाली आहे. बिल मागत नाही, मागितलंच तर अंगठा मुद्दाम बाजूला ठेवून धरतो. मागच्या वेळी मी त्याला विचारलं, "तू स्वतः कोणाची घेतोस रे?"

"मी टिटवाळ्याला राहतो, काका. तिथं महावितरण. चॉइस नाही." मग जरा थांबून म्हणाला, "बरं आहे. डोक्याला ताप नाही."

उन्हातून आलेला दिसत होता. मी त्याला पाणी दिलं. त्यानं एक घोट घेतला, पेला उजेडाकडे धरला आणि आत बघत राहिला.

"काका, पाण्याचा टीडीएस चेक केलाय का कधी?" असं म्हणत त्यानं बॅगेची दुसरी चेन उघडली.